बाद चाक

थोरलीचा राग नाकावर असतो हे त्या रस्त्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाईक आलं की ती आधी त्याची चाकं बघायची, मग तोंड, आणि चाकांवरून मत बनवून बोलायला लागायची. वडिलांचं चाकदुरुस्तीचं वर्कशॉप हाती घेतल्यावर तिने गोड बोलायचा प्रयत्न एकदा केला होता, पण तो तिच्यासकट कोणालाच झेपला नाही.

त्या दुपारी शाळेच्या मुलांची ने-आण करणारा व्हॅनवाला आला. पुढच्या डाव्या चाकातली हवा रोज उतरतेय आणि पंक्चरवाल्याला काही सापडत नाही, म्हणाला.

"शाळा सुटायच्या आत द्या, ताई. पोरं फाटकात उभी राहतील."

"हवा किती ठेवता?"

"थोडी कमीच. पोरांना दणके बसू नयेत म्हणून."

थोरलीने कपाळावर हात मारला. "म्हणजे पोरांचे दणके चाकाला देता. अहो, टायरमधली हवा ही चाकाची गादी. ती कमी केलीत की खड्डा सरळ धातूवर आदळतो. लोखंडी चाक असतं तर वाकून गप्प बसलं असतं. हे अलॉय आहे, याला तडा जातो. व्हॅनच्या दारावर हवेचा आकडा चिकटवलाय तो काय शोभेला?"

व्हॅनवाला ओशाळून हसला. मागे तिचा धाकटा भाऊ हातात फडका असताना फडका शोधत होता.

तिने चाक उतरवलं, टायरसकट पाण्याच्या टाकीत बुडवलं आणि हळूहळू फिरवलं. बुडबुडे आले, पण टायरमधून नाही. चाकाच्या आतल्या अंगाला, जिकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, तिथे चंदेरी रंगाखालून त्यांची बारीक रांग निघत होती. तिने चाक वर घेतलं आणि रंग खरवडला. खाली वेल्डिंगची शिवण होती, आणि शिवणीला लागून केसाएवढा नवा तडा. शिवणीचं शेवटचं टोक आत वळलेलं होतं.

ते टोक तिच्या ओळखीचं होतं. वडिलांनी दोघांना एकाच टेबलापाशी वेल्डिंग शिकवलं होतं, आणि शेवटी हात आत वळवायची धाकट्याची खोड त्यांना काही मोडता आली नव्हती.

"हे चाक घेतलंत कुठून?" तिने व्हॅनवाल्याला विचारलं.

"इथूनच की. आईंना घेऊन तुम्ही दवाखान्यात होतात ना, तेव्हा. भाऊंनी दिलं."

वडिलांनी घालून दिलेला एक नियम होता. चाक बाद ठरलं की तिथल्या तिथे ग्राइंडरने त्याची कड आरपार कापायची, म्हणजे कोणाच्याही हाती पडलं तरी ते पुन्हा गाडीला लागणार नाही. हे चाक थोरलीने स्वतः बाद केलं होतं आणि कापायला धाकट्याकडे देऊन ती दवाखान्यात पळाली होती.

"तुला कापायला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"एवढासा तर तडा होता, ताई. वेल्डिंग मूळ धातूपेक्षा मजबूत बसतं. चाललंच ना इतके दिवस?"

"शिवण मजबूतच आहे. तिच्या शेजारी बघ. तुझ्या आचेने तिथला धातू कमजोर पडला, आणि तिथूनच पुन्हा गेलं."

"बरं, चुकलं. आजचा दिवस हेच लावून देऊ. सावकाश चालवतील."

मुलं खोळंबतील या काळजीने व्हॅनवाल्यानेही मान डोलावली. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चालत्या व्हॅनचं चाक फुटलं तर काय होतं हे तिने एकदा पाहिलं होतं, आणि त्या व्हॅनमध्ये मुलं नव्हती.

धाकट्याची गाडी दारातच उभी होती, त्याच मापाच्या चाकांची. ती जॅक घेऊन तिकडे गेली.

"ताई, अगं माझी गाडी..."

"फडका सापडला का तुला?"

तिने त्याचं चाक काढलं, आतून बोटं फिरवून तपासलं आणि व्हॅनला चढवलं. नट आधी हाताने बसवले, मग समोरासमोरचे आळीपाळीने, जोर मोजणाऱ्या पान्याने आवळले. आवळताना तोंड चालूच होतं. "मशीनने आवळून घेऊ नका. ते दाबत सुटतं, मग नटाच्या भोकापासून चाक तडकतं. दोन-चार दिवसांनी नट पुन्हा तपासून घ्या. आणि खड्ड्यात जोराचा दणका बसला की चाकाची आतली बाजू बघायची. बाहेरून ते छानच दिसतं."

दाराच्या आकड्याएवढी हवा भरून व्हॅन निघून गेली. मग थोरलीने ते वेल्ड केलेलं चाक उचललं आणि धाकट्याच्या गाडीला लावलं. जॅक खालून काढला नव्हता, पण तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

त्याची मुलगी त्याच शाळेत होती. तिला आणायला तो स्वतःच जायचा.

"जा," थोरली म्हणाली. "शाळा सुटेल. पोरीला घेऊन ये."

धाकटा किल्ली हातात धरून उभा राहिला. एकदा चाकाकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे.

"मी चालत जातो."

"का? मजबूत आहे ना?"

इतका वेळ थोरलीला वाटत होतं की आपला भाऊ मूर्ख आहे. मूर्खपणा तिने चार शिव्या घालून माफ केला असता, आजवर तेच करत आली होती. पण त्याला कळत होतं. पहिल्यापासून कळत होतं. तिचा चढलेला आवाज एकदम खाली आला, आणि धाकटा आता खरा घाबरला.

"आणखी कोणाकोणाला दिलीस?"

तो बोटं मोजायला लागला. एक हात संपल्यावर त्याने किल्ली खिशात टाकली आणि दुसरा हात उघडला.