गुरुवारचं आकाश

हवामान अधिकाऱ्यांनी नकाशा लांब टेबलावर पसरला, त्याच्या गुंडाळल्या जाणाऱ्या कोपऱ्यांवर मंत्र्यांचेच चष्मे ठेवले आणि सांगून टाकलं, "गुरुवारी पहाटे आकाश निरभ्र. विमानांना अडचण नाही."

चार दिवसांपूर्वी सीमेपलीकडून आलेल्यांनी बसस्थानकात गोळीबार करून एकोणीस माणसं मारली होती. संरक्षणमंत्री म्हणत, त्यांचे तळ उडवा. परराष्ट्रमंत्री म्हणत, थांबा, शुक्रवारी त्यांचा दूत येतोय. शेवटी ठरलं ते असं: गुरुवारी आकाश स्वच्छ असेल तर विमानं जातील, नसेल तर दूताचं ऐकायचं. एवढ्या शहाण्या माणसांनी निर्णय ढगांवर सोपवला होता. ढगांना निवडणूक लढवायची नसते.

सेनाप्रमुख चार दिवस टेबलावर मूठ आपटण्यात सर्वांच्या पुढे होते. आता ते उठले आणि अधिकाऱ्यांना हाताला धरून बाहेर घेऊन आले.

"घाटापलीकडे, विमानांच्या वाटेवर, या दिवसांत धुकं धरतं म्हणतात."

"धरतं साहेब. गुरुवारी नाही."

"अगदीच नाही?"

ताकाला जाऊन भांडं लपवणं साहेबांना जमत नव्हतं.

"तुम्हाला धुकं हवंय का, साहेब?"

"आपण मारलं की ते मारणार, मग पुन्हा आपण. थांबायचं कुठे, ते मला आत कुणी सांगितलेलं नाही."

"मग आत तसं विचारा की."

"सेनाप्रमुखानं?" साहेब हसले. "आणि हे बघा, खोटा कागद मी मागत नाही. खात्यात तुम्हाला बहुधासाहेब म्हणतात. सव्वीस वर्षांत 'बहुधा' लिहिल्याशिवाय तुमचा कागद सुटलेला नाही. आजच कसा सुटला?"

अधिकारी खिशातलं पेन चाचपू लागले.

"बसस्थानकात तुमचं कोण होतं?"

"मेहुणीचा मुलगा."

"पुन्हा एकदा बघा," म्हणून साहेब आत गेले.

अधिकारी तणतणत आपल्या खोलीत आले. बैठक गुप्त होती, म्हणजे बायकोला ठाऊक होती. सकाळी तिनं डबा हातात देताना बजावलं होतं, "ताईनं चार दिवस तोंडात घास घेतलेला नाही. आज तरी स्पष्ट बोला." ते स्पष्टच बोलले होते. तो मुलगा लहानपणी त्यांच्या पर्जन्यमापकात तांब्याभर पाणी ओतून यायचा आणि वर विचारायचा, "काका, तुमचा अंदाज चुकला का हो?"

त्यांनी घाटापलीकडच्या केंद्राचा तक्ता काढला. वारा शून्य, दमटपणा भरपूर. धुक्याची शक्यता चाळीस टक्के. तिसाच्या वर आकडा गेला की ते धुकं लिहीतच. हा आकडा नजरेतून सुटलाही नव्हता. त्याच्याखाली पेन्सिलीची रेघ होती. त्यांचीच.

बराच वेळ ते त्या रेघेकडे बघत राहिले. मग पेन उघडलं.

"चाळीस टक्के म्हणजे जवळजवळ निम्मंच की!" सुधारलेला कागद वाचून संरक्षणमंत्री घाईघाईनं म्हणाले. सुंठीवाचून खोकला गेला की माणसं जसे चेहरे करतात, तसे टेबलाभोवती झाले. सेनाप्रमुखांनी मात्र सर्वांत जोरात मूठ आपटली.

"हातची संधी गेली!"

गुरुवारी सकाळी अधिकारी कामावर निघाले तेव्हा बायको गच्चीत चादर वाळत घालत होती. आकाश घासूनपुसून ठेवल्यासारखं होतं.

"ताईचा फोन आला होता. काही झालं का, विचारत होती."

"नाही झालं."

"का?"

"धुकं होतं."

तिनं वर पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"कुठे?"

"घाटापलीकडे. इथून दिसत नाही."

तिनं चादरीला एकामागून एक चिमटे लावले.

कार्यालयात सकाळी सहाची निरीक्षणं येऊन पडली होती. घाटापलीकडच्या केंद्राचा कागद सर्वांत वर होता. अधिकाऱ्यांनी तो पालथा केला, त्याला दोन भोकं पाडली आणि न वाचता फाईलला लावला.