तीन दिवस मेलेला चारशे सतरा

मित्रांनो, माझ्या अंगावर फक्त एक आकडा कोरला आहे. चारशे सतरा. नाव नाही, गाव नाही. मी हजेरीचा बिल्ला, पितळेचा, रुपयाएवढा, टांगायला वर एक भोक. आता जुना झालोय आणि मधोमध वाकलोय. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण एकोणीसशे चव्वेचाळीस साली, जबलपुरात, मी एका मेलेल्या माणसाच्या मुठीत होतो, आणि त्या मुठीला घाम येत होता.

माझा जन्मच लढाईतला. गावाबाहेर तोफगोळे भरायचा एक कारखाना होता. काडतुसांसाठी पितळेचा पत्रा यायचा, त्याच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून आम्हा बिल्ल्यांना कापून काढलं. आमची भावंडं काडतुसं होऊन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली, ती काही परत आली नाहीत. आम्ही फाटकावर राहिलो. पितळच का, असं विचाराल तर लोखंडाची ठिणगी उडते, पितळेची उडत नाही. तिथे सगळे ठिणगीला भीत. काडेपेटी, किल्ली, खिळ्यांचे जोडे, लग्नातली अंगठी, सगळं फाटकावर काढून ठेवावं लागे.

दारू भरायच्या खोल्या एकमेकींपासून दूर दूर होत्या. प्रत्येक खोलीभोवती मातीचा उंच बांध, बांधाबाहेर एक फळी आणि फळीवर चार खुंट्या. आत चारच माणसं जायची. जाताना आपला बिल्ला खुंटीवर टांगायचा, येताना काढून न्यायचा. आत कोण आहे हे कळायला दुसरा मार्गच नव्हता, कारण सगळ्यांना सारखेच पांढरे कपडे, डोक्याला टोपी, नाकातोंडावर फडकं. कपाळ आणि हात दारूच्या भुकटीनं पिवळे पडलेले. शेजारी बसलेला माणूससुद्धा नुसत्या डोळ्यांवरून ओळखावा लागे. थोडक्यात, माणसाचं नाव आम्ही सांगू तेच. मला या गोष्टीचा तेव्हा भारी गर्व होता.

माझा माणूस होता अंबादास साळवे. त्याचे वडील नगरकडून मिशनबरोबर इकडे आलेले. जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यात दोन भाड्याच्या खोल्यांत तो आणि त्याची बायको हेमलता राहत. हेमलता मला दर आठवड्याला चिंचेनं घासायची. हजेरीवाले शशिकांतबाबू म्हणायचे की असा लखलखीत बिल्ला अख्ख्या पाळीत नाही, आणि मी ऐकून फुगायचो. अंबादासचा एक जिवाभावाचा मित्र होता, मुरलीधर. चार घरं सोडून राहायचा, म्हाताऱ्या अनसूयाबाईंचा एकुलता एक. दोघं एका डब्यात जेवायचे. एक ख्रिस्ती, एक वारकऱ्याच्या घरचा, पण कधी त्यावरून शब्द झाला नाही.

लढाईच्या दिवसांत रजा बंद होत्या. मग या दोघांनी एक युक्ती काढली. सणाला एकानं दुसऱ्याच्या बिल्ल्यावर आत जायचं. फाटकावर आकडा बघत, तोंड कोण बघतो? होळीला अंबादास मुरलीधरच्या जागी बसला होता. बरेच जण असं करत, आणि कुणाला त्यात पाप वाटत नसे.

एप्रिलात उत्तम शुक्रवार आला. प्रभू येशूला क्रुसावर दिलं तो हा दिवस. बारा ते तीन चर्चमध्ये उपासना असते, आणि अंबादासनं ती लहानपणापासून चुकवली नव्हती. त्या दिवशी मुरलीधरची आठवड्याची सुट्टी होती. त्यानं मला अंबादासच्या हातातून काढून घेतलं आणि हसत म्हणाला, "तुझा देव वर्षातून एकदाच मरते बाबा. तू जा. मी बसतो तुझ्या जागेवर."

दीडच्या सुमारास त्यानं मला खुंटीवर टांगलं आणि तो बांधाआड गेला.

पुढचं मी ऐकलं नाही. आवाज इतका मोठा होता की तो ऐकू येण्याच्या पलीकडचा होता. बांधामुळे फळी वाचली. मी वाकलो, एवढंच. मग धूळ खाली बसली आणि सगळं शांत झालं. वारा नव्हता, पान हलत नव्हतं, तरी आम्ही चारही बिल्ले खुंट्यांवर हलत राहिलो आणि एकमेकांना लागून किणकिणत राहिलो. संध्याकाळपर्यंत आम्हाला न्यायला कुणी आलं नाही. आत जे उरलं होतं ते ओळखण्यासारखं नव्हतं, म्हणून साहेबांनी फळीकडे बघितलं आणि आकडे लिहून घेतले.

मला मागून कळलं, चर्चच्या खिडक्या थरथरल्या, तेव्हाच अंबादास ओळखून चुकला. तो धावत फाटकावर आला. गर्दीच्या मागे संध्याकाळपर्यंत उभा राहून त्यानं मेलेल्यांची यादी ऐकली. चौथं नाव त्याचं होतं. 'चारशे सतरा, अंबादास साळवे.' मी इथे आहे म्हणावं, तर लगेच पुढचा प्रश्न, मग आत कोण होतं? त्यानं गमछा तोंडावर ओढला आणि गल्लीबोळांतून घरी येऊन आतल्या बिनखिडकीच्या खोलीत जाऊन बसला.

हेमलतेनं सगळं ऐकलं आणि ती अनसूयाबाईंकडे जायला उठली. त्यानं तिचे पाय धरले. म्हणाला, "जोवर मी मेलेला आहे, तोवर मुरलीधर जिवंत आहे. त्या म्हातारीसाठी तरी मला मेलेला राहू दे."

तेवढ्यात शशिकांतबाबू दारात आले. नियमानं मला कचेरीत जमा करायचं होतं, पण त्यांना रिकाम्या हातानं यायला जड गेलं. रुमालात गुंडाळून त्यांनी मला हेमलतेच्या हातावर ठेवलं. शवपेटी बंदच ठेवावी लागेल, वहिनी, असं काहीसं पुटपुटले. चर्चच्या पाळकसाहेबांनी रविवारी संध्याकाळी दफन ठरवलं आहे, हेही सांगितलं. हेमलता खोटं बोलली नाही. ती बोललीच नाही. ती मुरलीधरसाठी ढसाढसा रडली, आणि लोकांना वाटलं नवऱ्यासाठी रडतेय.

मला तिनं आत नेऊन अंबादासला दिलं. तेव्हापासून मी त्याच्या मुठीत होतो. मित्रांनो, त्या खोलीत मी जे पाहिलं ते मला आजही नकोसं वाटतं. तो हलत नव्हता. पाणी तोंडाला लावत नव्हता. उघड्या डोळ्यांनी भिंतीकडे बघायचा. कपाळ पिवळं, ओठ पांढरे. पितळ मीच होतो, पण आम्हा दोघांत थंड कोण हे सांगणं कठीण होतं. शनिवारी बाहेर शेजारणी बसल्या आणि अंबादास किती गुणाचा होता ते बोलत राहिल्या. मेलेला माणूस भिंतीआड बसून आपलं कौतुक ऐकत होता.

हेमलतेनं त्याला प्रार्थना करू या म्हटलं. तो म्हणाला, "कोणत्या तोंडानं? एक जण दुसऱ्याच्या जागी मेला, हेच मी काल चर्चमध्ये ऐकून राहिलो होतो. पण प्रभूला ठाऊक होतं, तो कुठे चाललाय. मुरलीधरला ठाऊक नव्हतं. त्याला मी पाठवलं." ती नुसती त्याच्या शेजारी बसून राहिली.

दुपारी शेजारची विनता फटीतून आत डोकावली. तिला अंधारात पांढरे कपडे दिसले, आणि श्वास ऐकू आला. ती किंचाळली नाही, चपला हातात घेऊन पळाली. तासाभरात गल्लीभर झालं की अंबादास घर सोडून गेलेला नाही. बायका उठून गेल्या. कुणीतरी उंबऱ्यासमोर राखेची रेघ ओढली. मग समोरची दारं लागली, पोरं आत घेतली गेली, आणि भर दिवसा त्या गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकेना. अंबादास ते सगळं ऐकत होता. मला वाटतं, त्यालाही हळूहळू पटायला लागलं होतं की आपण खरंच मेलो आहोत.

दिवेलागणीला राखेची ती रेघ ओलांडून एक जण आत आलं. अनसूयाबाई होत्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यानं पिठलं-भाकर न्यायची, ही आपली रीत. त्या ताट घेऊन आल्या होत्या.

त्यांनी हेमलतेला जवळ घेतलं. रडू नको पोरी म्हणाल्या. मुरलीधर कालपासून घरी नाही, सुट्टी होती म्हणून मझौलीला चुलत बहिणीकडे गेला असन, पेट्रोल नाही तर मोटारी कुठे वेळेवर चालतात, आला की तो सगळं बघेल, अंबादास त्याचा भाऊच होता. हेमलता सांगायला गेली, तर म्हातारीनं घास तिच्या तोंडात घातला. आत अंबादासनं हुंदका दाबायला मला दातांत धरलं. त्याच्या दातांची खूण माझ्या काठावर उमटली आहे.

मग अनसूयाबाई उठल्या आणि आतल्या खोलीच्या दाराशी आल्या. भुताची गोष्ट त्यांच्याही कानावर गेली होती. त्या घाबरल्या नव्हत्या. उंबऱ्यावर त्यांनी एक भाकर ठेवली आणि अंधाराकडे बघून हळूच बोलल्या, "अंबादास, काहून अडकून राहिला रे बेटा? उपाशी नको जाऊ. खाऊन घे. लांब जायचंय तुला."

त्या गेल्या. मग हेमलता दाराशी आली. "अहो, ऐकलंत? ती तेच बोलली. तिला ठाऊकसुद्धा नाही."

ते काय, ते मला तेव्हा कळलं नाही, म्हणून तुम्हालाही सांगतो. त्यांच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, एका संदेष्ट्याची गोष्ट आहे. तो जिवाला इतका विटला की रानात एका झुडपाखाली जाऊन पडला आणि देवाकडे मरण मागायला लागला. देव त्याच्यावर रागावला नाही. त्याला समजावतही बसला नाही. त्यानं दूताच्या हाती भाजलेली भाकर पाठवली, झोपू दिलं, पुन्हा भाकर पाठवली, आणि निरोप एवढाच की पोटात काही घाल, तुझी वाट अजून सरली नाही. अंबादासला ही गोष्ट लहानपणापासून पाठ होती. पण देवाचा दूत नऊवारी नेसून येईल, आणि ज्या बाईला तोंड दाखवायची आपल्याला हिंमत नाही तिच्याच रूपात येईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

त्यानं उंबऱ्यावरची भाकर उचलली. तो रडत रडत सगळी भाकर खाऊन गेला, पाणी प्यायला, आणि मला मुठीत धरून झोपला. दोन दिवसांत ती मूठ पहिल्यांदा गरम लागली.

रविवारी उजाडता उजाडता चर्चची घंटा वाजली. येशू मरणातून उठला तो हा दिवस. अंबादास उठला, तोंड धुतलं आणि दार उघडलं. नळावर विनता होती, तिच्या हातून घागर सुटली. पुढच्या घराची कडी लागली, मग त्यापुढच्या. मेलेला माणूस गल्लीतून चालत होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची दारं बंद होत होती.

अनसूयाबाई अंगणात सडा घालत होत्या. त्यांनी त्याला बघितलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला.

"मावशी," तो म्हणाला, "मी मेलो नाही."

अनसूयाबाईंनी विचारलं, "मग आत कोण होतं?"

त्यानं मूठ उघडून मला पुढे केलं. "मुरलीधर. माझ्या बिल्ल्यावर. मीच पाठवलं त्याला. मला शुक्रवारपासून माहीत होतं."

अनसूयाबाईंनी मला हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. मग त्याच हातानं त्यांनी अंबादासला मारलं. तोंडावर, खांद्यावर, जिथे लागेल तिथे. तो उभा राहिला. मारता मारता त्यांचा हात त्याच्या सदऱ्यातच अडकला आणि त्या तो सदरा धरून रडल्या. असं रडणं मी पुन्हा ऐकलं नाही. शेवटी त्या पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "आज माझ्या पोराला तुझ्या नावानं पुरलं असतं. आणि मी बसली असती वाट पाहत, मरेपर्यंत. चल माझ्यासोबत. त्याचं नाव लिहून घ्यायचंय."

दोघं फाटकावर गेले. शशिकांतबाबूंच्या हातातली दौत लवंडली. अंबादासनं साहेबासमोर सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. त्याची नोकरी गेली, तुरुंग थोडक्यात चुकला. पण शशिकांतबाबूंनी यादीतलं चौथं नाव खोडून मुरलीधर लिहिलं, आणि संध्याकाळी ग्वारीघाटावर नर्मदेच्या काठी मुरलीधर आपल्या नावानं गेला. खांदा द्यायला अंबादास होता. तिथे, पाण्यात उभा असताना, त्याचे ओठ प्रार्थनेला हलले.

अनसूयाबाईंनी त्याला लगेच माफ केलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. सहा महिने त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. तो रोज सकाळी त्यांना पाणी भरून द्यायचा, आणि त्या घागर आत घ्यायच्या. सातव्या महिन्यात त्यांनी त्याला विचारलं, जेवला का? त्यानंतर तो बारा वर्षं त्यांचा मुलगा होता.

मित्रांनो, मी पितळ. मला श्रद्धा कशाशी खातात ते कळत नाही. मी एवढंच पाहिलं की हाय खाल्लेला माणूस स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव मेलेल्यांत लिहितो, आणि मग सगळी गल्ली त्याच्या दारासमोर राखेची रेघ ओढते. तुमच्या ओळखीचं कुणी असं आतल्या खोलीत बसलं असेल, तर त्याला उपदेश करत बसू नका. रेघ ओलांडा. उंबऱ्यावर भाकर ठेवा आणि त्याला सांगा की तुझी अजून कुणीतरी वाट बघतंय. त्याला उठवणारा तुम्ही नसाल. पण त्याच्या हातात भाकर ठेवायला कुणीतरी जावंच लागतं.