शेवंतीची धाकटी बहीण

"आईला चक्कर कधीपासून येते?" सावंतवाडीच्या डॉक्टरांनी शेवंतीला विचारलं.

शेवंती गडबडली. "आई नव्हे. ही माझी धाकटी बहीण जानकी."

डॉक्टर ओशाळले. जानकी जेमतेम पस्तिशीची होती. पण केस पिकलेले, गालफडं बसलेली, पाठीला पोक. डॉक्टरांनी तिच्या पापण्या ओढून पाहिल्या, मग जेवणाचं विचारलं. सकाळी पेज, दुपारी भात आणि सोलकढी, रात्री पुन्हा पेज. नवरा गेल्यापासून मासळी सोडलेली. डाळ-दूध घरातल्या सगळ्यांचं होऊन उरलं तर.

"भाताने पोट भरतं, शरीराची झीज भरून निघत नाही," डॉक्टर म्हणाले. "मासळी पुन्हा सुरू करा, पण नुसत्या मासळीनेही भागायचं नाही. भात कमी करा, डाळ, दूध, भाजी वाढवा. सगळं प्रमाणात पोटात जायला हवं. नाहीतर माणूस वयाआधीच म्हातारं होतं."

घरी आरोंद्याला परतताना गाडीत जानकी सारखी चुळबुळत होती. पदर पुन्हा पुन्हा केसांवर ओढत होती.

"गेलेली वर्सां परत गावतली काय गो?" तिने विचारलं.

शेवंतीने तिचा हात पदरावरून खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जानकीने कुळथाची पिठी केली आणि आधी आपल्याच वाटीत वाढून घेतली. तिच्या सासूने, माईने, ते पाहिलं.

"काय गो, आज पयलां तुकाच?"

"डॉक्टरांनी सांगल्यानी."

"बाईमाणसान इतकां स्वतःचां बघूचां नाय."

जानकीने वाटी संपवली. त्यानंतर रोज दूध मागताना, डाळ वाढून घेताना ती आधी माईकडे बघायची. घरात कुणी हळू बोललं, की आपल्याबद्दलच असेल असं वाटायचं.

काही महिन्यांनी, नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच, तिने बांगड्याची एक तुकडी पानात घेतली. माई पानावरून उठली.

"माई, बसा. जेवा," जानकी म्हणाली.

"तुज्या पंगतीक माका बसाक नको."

त्या दिवसापासून जानकी मागल्या पडवीत एकटी जेवू लागली. चक्कर थांबली, पाठ थोडी सरळ झाली, विहिरीवरून भरलेली घागर आणताना धाप लागेनाशी झाली. केस मात्र पांढरेच राहिले. माजघरात माईची पावलं वाजली, की तिचा हात अजूनही पानावर थबकायचा. मग ती पुढचा घास घ्यायची.