वर आलेला शिंपला

मी शिंपला. बोलतोय स्वयंपाकघरातल्या टोपातून, आणि बोलायला वेळ फार नाही. हात नाहीत मला. पाय एकच, तोही मऊ, चिखलात शिरण्यापुरता. भीती मात्र अंगभर आहे.

वाळूच्या कणाएवढा होतो तेव्हा वाहत येऊन खाडीच्या चिखलात रुतलो. शेजारी जो आधीच रुतलेला होता, तो माझा दादा. त्याची शिकवण एकच, "काही झालं तरी खालीच राहायचं. वर गेलास की पक्ष्याचा घास झालास."

आमच्या डोक्यावरच होड्यांचा धक्का. तिथे धक्क्यावरच्या घरातला थोरला भाऊ होडी उलटी घालून तळाचा तांबडा रंग खरवडायचा. तो रंग विषारीच असतो, होडीला शिंपले चिकटू नयेत म्हणून लावलेला. त्याचे पापुद्रे आमच्यावर पडायचे.

त्याची धाकटी भावजय एकदा म्हणाली, "भाऊजी, खाली काहीतरी अंथरा की."

"आली शहाणी! भरतीला सगळं धुऊन जातं गं. समुद्र काय तुझ्या बादलीएवढा आहे?"

भरती यायची, जायची. रंग चिखलातच राहायचा. आधी चिखलातले किडे संपले. मग कात टाकायला बसलेला खेकडा कातीतच मेला. आम्ही पाणी गाळून जगणारे. जे पाण्यात, तेच आमच्या मांसात. श्वास घेतला की आतून आग व्हायची.

आणि एक दिवस दादाच वर निघाला. खाली राहा म्हणणारा दादा! मी हाका मारल्या. तो वर सरकतच राहिला. मीही मागचापुढचा विचार न करता त्याच्यामागे सुटलो. वर उन्हात तो आ वासून पडला होता. मी पायाने ढकललं, ढकलतच राहिलो. एक पक्षी आला, त्याने दादाला चोचीने उलटं केलं आणि तसाच टाकून उडाला. माझ्या दादाला पक्ष्यानेसुद्धा खाल्लं नाही हो.

ओहोटीला त्या घरातल्या दोघी जावा आल्या. थोरली हरखली, "अगं बाई, आज खणायलाच नको! आपणहून वर आलेत. तुझ्या पोटातल्याचा पायगुण!"

"ताई, पण असे वर कधी येतात का?"

"तुझं आपलं काहीतरीच. दोन जिवांची आहेस, वेच आणि पोटभर खा. गोड्या पाण्यात ठेवले की सगळी घाण ओकतात."

ओकली आम्ही. वाळू ओकली. मांसात मुरलेलं कसं ओकणार?

आता चूल पेटली आहे. धाकटी एकेकाला उचलून पाठीवर टिचकी मारते. जिवंत शिंपला झटकन मिटतो, तो चुलीवरच्या पातेल्यात जातो. मिटला नाही तो मेलेला, तो बाहेर. माझे सोबती भीतीने मिटताहेत. मिटू नका रे! बरेच मेलेले निघाले तर ती सगळा टोप ओतून देईल, शंका तिच्या मनात आहेच. तिच्या पोटातल्या जिवाने आपलं काय वाकडं केलंय?

काहीजण ऐकताहेत. तिच्या कपाळावर आठी आली आहे.

मला उचललं. टिचकी बसली. सगळं अंग मिटायला धावतंय. पुन्हा टिचकी. मी उघडाच.

"ताई, हाही मेलाय. चूल विझवा. आज हे नको."

तिने मला केराच्या टोपलीत टाकलं आहे. इथे कोरडं आहे, पाणी नाही. पोरी, बाकीचेही टाक. सगळे टाक.