तिनाचं उद्घाटन

आमच्या रविराजला कोड बरा लिहिता येतो, पण त्याचा खरा जीव उद्घाटनात. इंदिरानगरातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये बसून आम्ही चौघांनी 'वीजवेळ' नावाचं पॅकेज बनवलं. शेतीच्या कुठल्या लाईनीला कुठल्या वारी किती वाजता थ्री-फेज वीज येणार, एवढंच ते सांगतं. कोणीही फुकट घ्यावं आणि आपल्या ॲपमध्ये बसवावं. बऱ्याच जणांनी बसवलं, आणि रविराजने लगेच व्हिजिटिंग कार्डावर स्वतःच्या नावाखाली 'संस्थापक' असं छापून घेतलं.

पॅकेजच्या नावापुढे तीन आकडे असतात, मध्ये टिंबं देऊन. शेवटचा वाढला तर समजायचं, किरकोळ डागडुजी झाली. मधला वाढला तर काहीतरी नवीन जोडलंय. पहिला वाढला तर सावध व्हायचं, कारण जुनं मोडलेलं असतं आणि घेणाऱ्याला आपल्या ॲपमध्ये बदल करावे लागतात. शेवटचा आकडा बदलला की बरीच ॲपं नवीन पॅकेज न विचारता ओढून घेतात. तेवढा भरवसा असतो बिचाऱ्यांचा. हे रविराजला माहीत नाही असं नाही. यावर त्याने कॉलेजांतून व्याख्यानं झोडली आहेत.

पण त्याच्या लेखी पहिला आकडा म्हणजे मानपान. तो एक झाला तेव्हा पेढे वाटले. दोन झाला तो त्याच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला, सत्यनारायणाच्या प्रसादाबरोबर. त्यात लोगोचा रंग सोडला तर काडीचा बदल नव्हता. आता तीन व्हायचा तर हॉल घेऊन, फ्लेक्स लावून, पुण्याच्या बड्या पाहुण्यांच्या हस्तेच होणार, असं त्याने जाहीर केलं. पाहुण्यांची तारीख मिळेना, म्हणून तीन लांबत राहिला.

बदल मात्र लांबला नाही. कोणा परदेशी गृहस्थाने लिहिलं, की तुमचा आठवडा सोमवारी सुरू होतो, तो रविवारी करा. इथल्या माणसाने दहादा मागितलेलं रविराजच्या नजरेस पडत नाही, पण या पत्राने तो इतका फुलला, की त्याच दिवशी आठवडा बदलून मोकळा झाला. काल 'एक नंबरचा वार' म्हटलं की सोमवार मिळायचा, आज रविवार मिळू लागला. मी म्हटलं, अरे, हे मोडणं आहे, पहिला आकडा वाढवायलाच हवा. आरतीआधी मी नैवेद्याला हात लावावा तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

"उज्वला, पाहुण्यांच्या आधी तीन कसा करायचा?" तो म्हणाला. "शेवटचा आकडा वाढव. कोणाच्या लक्षात येतंय."

आणि त्याने स्वतःच ते २.९.४ म्हणून लोकांसाठी सोडलं.

लक्षात आलं ते माझ्या मावशीच्या शेवंतीच्या. सरुबाई मावशी गिरणारे गावाकडे फुलं पिकवते. तिच्या लाईनीला एक दिवस दिवसा वीज, दुसऱ्या दिवशी रात्री. पूर्वी ती वायरमनला फोन करून वेळ विचारायची. वेळ बघून आपोआप मोटर चालू करणारं ॲप तिच्या फोनमध्ये मीच टाकलं होतं, आणि त्या ॲपच्या पोटात आमचं वीजवेळ. आता सगळे वार सरकले. वीज नसताना ॲप मोटर सुरू करायला जाई आणि वीज असताना गप्प बसे. नुकती लावलेली रोपं, त्यात ऑक्टोबरचं ऊन. मी गेले तोवर दोन वाफे करपले होते.

मावशी मला बोलली असती तर बरं झालं असतं. तिने फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला होता.

"माझंच बोट कुठंतरी भलतीकडं पडलं आसंल, बाई," ती म्हणाली. "आमच्यासारखीनं ह्या फंदात पडू नाय."

मी परोपरीने सांगितलं की चूक तुझी नाही, आमची आहे. तिने माझा हात थोपटला. मी तिची समजूत काढतेय, असंच तिला वाटलं. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. फुलं तिची गेली होती, आणि ओशाळी झाली होती तीच.

रविराजला फोन केला. तो म्हणाला, फार वाईट झालं, पण दोन दिवस बोभाटा नको, पाहुण्यांची तारीख मिळाली आहे. शिवाय स्टेजवर फोटोला एखादी खरीखुरी शेतकरी बाई हवीच होती, तर मावशीलाच आण. लुगड्यात येईल ना, हेही त्याने विचारलं. मी फोन ठेवला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी तो स्वतःच्या हात जोडलेल्या फोटोचा फ्लेक्स बांधायला गेला होता. पॅकेज सोडायची चावी माझ्याकडेही होती, कारण गाढवकाम कायम माझ्याकडे. मी आधी जुना आठवडा परत बसवून २.९.५ सोडलं, म्हणजे मावशीचं आणि तिच्यासारख्या इतरांचं ॲप आपसूक ताळ्यावर येईल. मग रविवारचा आठवडा घेतला आणि तो ३.०.० म्हणून सोडला. वर चांगलं मराठीत लिहिलं: 'यात जुनं मोडलं आहे. २.९.४ मध्ये आम्ही ते न सांगता मोडलं होतं. ज्यांची मोटर वेळेवर लागली नाही, त्यांची काहीही चूक नव्हती.' मग मी पोटभर पोहे खाल्ले.

हॉलमध्ये माणसाएवढा थर्माकोलचा तीन उभा होता, हार घातलेला. मावशीला मी आणलं नव्हतं, म्हणून फोटोला कोणा कार्यकर्त्याच्या आईला उभं केलं होतं. पाहुण्यांनी नारळ फोडला आणि लॅपटॉपचं बटण दाबलं. मोठ्या पडद्यावर लाल अक्षरं आली: हा आकडा आधीच दिला गेला आहे. आकडा एकदा दिला की तो पुन्हा कोणालाही देता येत नाही, असा नियमच आहे. पाहुण्यांनी पुन्हा दाबलं, जरा जोराने. रविराजने माझ्याकडे बघितलं. मी थर्माकोलकडे बघत राहिले.

पण गडी पक्का. त्याने माईक घेतला आणि सांगितलं, की पाहुण्यांच्या पायगुणाने आपण आज थेट चार करतोय. टाळ्या पडल्या. त्या चारात बदल म्हणून एक अक्षर नव्हतं, आणि पहिला आकडा वाढलेला बघून लोक मात्र उगाच आपापली ॲपं तपासत बसणार होते. मी अल्पोपाहाराला थांबले नाही.

तडक गिरणारे गाठलं. डब्यामागून फोन काढला, पिशवी सोडली आणि मावशीला तो मजकूर वाचून दाखवला. शेवटचं वाक्य तिने पुन्हा वाचायला लावलं. आमच्या पॅकेजवर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलंय, हे तिने दोनदा विचारून घेतलं.

"मंग हे आदीच लिव्हायला काय झालं व्हतं?" ती म्हणाली.

"पाहुणे यायचे होते, मावशी."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. खरं कारण अजून पुढे असेल, असं तिला वाटलं. पुढे काही नव्हतं. मग तिने फोन माझ्या हातातून घेतला, बोट नीट पुसलं आणि राहिलेल्या वाफ्यांसाठी मोटर चालू केली.