गुणाचं बाळ

विनया मॅडमचे पाय सकाळपासूनच कुरकुरत होते. गोखिवऱ्याहून रिक्षा बदलत यायचं, बाळंतिणींच्या वॉर्डात दुपारपर्यंत उभं राहायचं आणि नर्सिंगच्या मुलींना तेच तेच सांगायचं: हात धुवा, चोळून गरम करा, मग बाळाला लावा. कॉलेजातल्या बाहुलीवर सगळ्या तरबेज. खरं बाळ रडलं की मात्र एकेकीचं अवसान गळायचं.

परीक्षा तोंडावर आलेली. प्रत्येकीने एक तरी बाळ डोक्यापासून पायापर्यंत तपासून दाखवायला हवं होतं, आणि वॉर्डातली बाळं अशी, की हात लावला की भोंगा सुरू. अपवाद एकच, पाचूबंदरच्या सुझानचा कालच जन्मलेला मुलगा. उघडा केला तरी हूं नाही की चूं नाही.

"किती गुणी आहे गं," म्हणत मुली त्याच्याच खाटेभोवती जमल्या. एकीने गुंडाळायचं, दुसरीने सोडायचं. सुझान कौतुकाने बघत होती.

"घ्या ना, शिका. माजा पोर कोनाला तरास देत नाय."

विनयाने हे पाहिलं आणि खुर्ची ओढून ती बसली. चला, आज कटकट नाही, एवढंच तिच्या मनात आलं. इतकी वर्षं हेच शिकवणाऱ्या बाईच्या मनात असं यायला नको होतं, पण ती फार दमली होती.

सगळ्यात शेवटी अश्लेषाची पाळी आली. तिने तळपायावर टिचकी मारली, पुन्हा मारली.

"मॅडम, हा पाय ओढून घेत नाहीये. आणि गार लागतोय. का माझेच हात गार आहेत?"

विनया उठली. बाळाचे पाय गार होते. पोटही गार होतं. वर पंखा गरगरत होता. पोर गुणी नव्हतं, गारठलं होतं. रडण्याइतकंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"पंखा बंद कर. डॉक्टरांना बोलव, पळ."

तिने सुझानचा गाऊन सोडून बाळाला तिच्या उघड्या छातीवर निजवलं, डोक्यावर टोपी चढवली, वरून दोन चादरी टाकल्या. डॉक्टरांनी टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. साखर उतरली होती. चिकाचं दूध चमच्याने थेंबथेंब पाजायला सुरुवात झाली. विनया खाटेची कड धरून उभी राहिली. याला काही झालं तर ते माझ्यामुळे, दुसरं काही तिला सुचत नव्हतं.

बऱ्याच वेळाने पोराने तोंड वेडंवाकडं केलं आणि टाहो फोडला. अश्लेषा रडायलाच लागली.

सुझान मात्र ओशाळली. "सॉरी हां मॅडम, असा नाय करत तो. गप करते त्याला. आन कोनाचा शिकायचा राहिला असल तर घ्या परत."

"नको गं, रडू दे त्याला," विनया म्हणाली. "आम्ही त्याला सारखं उघडं केलं, म्हणून तो गारठला. मी समोर बसले होते. चूक माझी आहे."

सुझान तिच्याकडे बघत राहिली. मग तिने बाळाला घट्ट धरलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.