केशवरावांच्या बागेतले कंद

वावटळ मोठी नव्हती, तरी रामाकोन्यात नदीकाठच्या रेताड वावरात इंदूच्या सदतीस केळी आडव्या झाल्या. घड धरलेल्या. वावर बटईचं, अर्ध्या पिकाच्या वाट्यावर कसायले घेतलेलं, मालक केशवराव. ते सकाळीच बांधावर हजर.

"तुह्या हाताले केळ मानत नाही, इंदू. कंद माह्याच बागेतले. माही बाग पाय, काळ्या मातीत कशी उभी हाय. वावर सोड आता."

तिचा नवरा वामन खाली पाहून राहिला. इंदूनं मान खाली घातली नाही. दोन सालं डोक्यावर शेणखत वाहून तिनं त्या रेतीत केळ उभी केली होती. अशी सोडते?

पडल्या केळीची मुळं फडक्यात बांधली अन् सौसरची बस धरली. शेती ऑफिसातल्या साहेबानं मूळ चिरलं, बारीक मोठं दाखवणाऱ्या यंत्राले डोळा लावायले सांगितलं. आत दोऱ्यावानी किडे वळवळून राहिले होते.

"सूत्रकृमी," साहेब म्हणाला. "मुळाले गाठी करतात. रेताड जमिनीत लवकर फैलतात. काळ्या मातीत झाड तग धरते, पण किडा असतोच. कंद कोठून आणले?"

इंदू परतली ते थेट केशवरावांच्या बागेत.

"घड कापलेलं एक खुंट खोदू द्या, मालक."

"खोद. सोनं निघन." बागेतले मजूरही हसले.

खुंट निघालं. मुळांवर त्याच गाठी. हसणं थांबलं.

"कंद धुऊ नको, मायझाडाची माती संग राहू दे, तुमीच म्हणाले होते. त्या मातीतूनच किडे आले. तुमची माती झाड धरून ठेवते, रेती धरत नाही. माह्या हाताले काहून नावं ठेवता?"

"गावात सगळे मातीसकटच लावतात."

"मंग सगळ्यायले सांगीन."

केशवराव खुंट पायानं उलथत राहिले. "बरं. एक साल देतो."

"बटई पाच सालाची ठरली हाय, पंचासमोर. तीन बाकी हायेत."

त्यांनी खुंट तिथंच टाकलं अन् घराची वाट धरली.

इंदूनं पडल्या केळी जाळल्या, उन्हाळाभर वावर उलथून तापवलं. साहेबानं सांगितल्यावानी तिगावहून नवे कंद आणले, धुतले, कोयत्यानं पांढरे होईतोर सोलले अन् गरम पाण्यात बुडवले. बाया म्हणाल्या, उगवणार नाही. ती सोलतच राहिली.

तेवढ्यात केशवरावांचा गडी कवडू आला. "पाणी किती गरम लागते, मालक विचारून राहिले."

"मालकाले म्हणा, इथं या अन् बोट घालून पाहा."